बॅकअप घेतला होता, मग फाइल कुठे आहे?

घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप घेणारी माणसे आता कमी नाहीत. एक्स्टर्नल डिस्क बऱ्याच घरांत असते, विंडोजमध्ये बॅकअपची सोय फुकट असते आणि ‘बॅकअप पूर्ण झाला’ हा संदेश दिसला की मन निश्चिंत होते. अडचण नंतर उभी राहते. आतली डिस्क जाते, कॉम्प्युटरला फॉरमॅट मारावा लागतो किंवा सोसायटीच्या हिशेबाच्या फाइलवर कुणी भलतीच फाइल सेव्ह करून बसते. मग कपाटातली डिस्क बाहेर येते आणि लक्षात येते की तिच्यात आपले फोटो दिसतच नाहीत. दिसतात ती तारखांच्या नावांची फोल्डर्स, ओळीने लावलेल्या झिप फायली, नाहीतर कशानेच न उघडणारी एक अगडबंब फाइल. आणि सॉफ्टवेअर सांगते, या कॉम्प्युटरचा बॅकअप सापडला नाही.

अशा वेळी बहुतेकदा फायली तिथेच असतात. त्यांच्यापर्यंत जायची वाट आडवळणाची असते, एवढेच. ती वाट कुठून जाते हे या लेखात सांगतो आहे. त्याबरोबर माझे एक ठाम मतही सांगतो. बॅकअपचे सॉफ्टवेअर निवडताना आपण ते फायली किती सहज आत घेते हे पाहतो. त्याऐवजी ते फायली किती सहज परत देते, हे आधी पाहावे. त्यासाठी एखादी फाइल गरज नसताना बाहेर काढून बघावी लागते, आणि नेमके तेच कुणी करत नाही.

आधी अडचणीत असलेल्यांसाठी. फाइल गेल्याचे कळले की त्या कॉम्प्युटरवर नवे काही साठवू नका. बॅकअपचे सॉफ्टवेअर ठरलेल्या वेळी आपोआप चालत असेल तर ते थांबवा, नाहीतर बिघडलेल्या फाइलचीच ताजी प्रत बॅकअपमध्ये जाऊन बसते आणि जागा करण्यासाठी जुनी चांगली प्रत काढून टाकली जाते. बॅकअपची डिस्क जोडल्यावर विंडोजने ‘वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असे विचारले तर काहीही झाले तरी ‘हो’ म्हणू नका. डिस्क मॅकवर वापरलेली असली तरी विंडोज हाच प्रश्न विचारते, कारण त्याला मॅकची मांडणी वाचता येत नाही. केबल सैल असली तरी कधी कधी हेच होते. रद्द करा, दुसरी केबल, दुसरे पोर्ट, दुसरा कॉम्प्युटर वापरून पाहा. डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा जोडून पाहू नका, दुरुस्तीची कुठलीही कमांड चालवू नका. ती डिस्क आता डेटा रिकव्हरीचे काम जाणणाऱ्या माणसाच्या हातात द्यायची असते.

आणि रिस्टोअर करताना फायली मूळ जागी कधीच उतरवू नका. डेस्कटॉपवर किंवा दुसऱ्या डिस्कवर ‘परत आलेल्या फायली’ असे रिकामे फोल्डर करा आणि सगळे तिथे उतरवा. मूळ जागी उतरवले की सॉफ्टवेअर विचारते, असलेली फाइल बदलू का? घाईत आपण ‘हो’ म्हणतो, आणि महिन्याभरापूर्वीची फाइल कालच्या कामावर बसते. हातात असलेले काम रिस्टोअरमुळे गमावण्याचा हा सर्रास घडणारा प्रकार आहे, आणि तो टाळायला फक्त एक वेगळे फोल्डर लागते.

आता विंडोजचे स्वतःचे बॅकअप. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ नावाची सोय आहे आणि तिच्यापुढे अजूनही ‘विंडोज ७’ असे लिहिलेले असते. विंडोज १० आणि ११ मध्येही ती आहे, जुनी माणसे तीच वापरतात. विंडोज नव्याने टाकल्यावर या सोयीला आपला जुना बॅकअप ओळखू येत नाही, कारण तिच्या लेखी हा वेगळाच कॉम्प्युटर असतो. ‘सापडला नाही’ या संदेशाचा अर्थ इतकाच आहे. त्याच खिडकीत खाली ‘दुसरा बॅकअप निवडा’ अशी बारीक अक्षरातली ओळ असते. तिच्यावर क्लिक करून डिस्क दाखवली की जुना बॅकअप यादीत येतो. पुढे फायली आणि फोल्डर निवडायची दोन वेगळी बटणे असतात. फोल्डरच्या बटणातून गेलात तर आतल्या फायली दिसत नाहीत आणि फोल्डर रिकामे आहे असे वाटते. एकच फाइल हवी असेल तर फाइलचे बटण दाबा, किंवा शोधाच्या चौकटीत नावाचा एखादा तुकडा टाका. तारीख बदलण्याचीही ओळ तिथेच असते. बिघडण्याच्या आधीच्या दिवसाची प्रत हवी असेल तर आधी ती बदला.

हेही जमले नाही तर सॉफ्टवेअरशिवाय जायचा रस्ता आहे. डिस्कवर तुमच्या कॉम्प्युटरच्या नावाचे फोल्डर असते. त्यावर डबल क्लिक केले की रिस्टोअरचीच खिडकी येते, म्हणून राइट क्लिक करून ‘ओपन’ म्हणा. आत बॅकअप सेटचे फोल्डर, त्याच्या आत तारीखवार फोल्डर्स आणि त्यांत क्रमांक घातलेल्या झिप फायली. या साध्या झिप आहेत, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतात. पहिल्या तारखेच्या फोल्डरमध्ये सगळे असते, नंतरच्या तारखांमध्ये त्या त्या वेळी बदललेले तेवढेच. त्यामुळे एकच फाइल चार ठिकाणी सापडू शकते. नव्या तारखेकडून जुन्या तारखेकडे शोधत जा. काम कंटाळवाणे आहे, पण फायली मिळतात.

त्याच डिस्कवर ‘विंडोजइमेजबॅकअप’ नावाचे फोल्डर असेल तर ती पूर्ण ड्राइव्हची प्रतिमा आहे. लोकांचा समज असतो की ही प्रतिमा फक्त सगळाच्या सगळा कॉम्प्युटर परत बसवण्यासाठी. तसे नाही. आत खोलवर व्हीएचडीएक्स प्रकारची मोठी फाइल असते. विंडोज ८ पासून पुढे तिच्यावर डबल क्लिक केले की ती नव्या ड्राइव्हसारखी जोडली जाते आणि आतली फोल्डर्स नेहमीसारखी दिसतात. हवे ते कॉपी करून घ्या आणि ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करा. डिस्क मॅनेजमेंटमधून ‘रीड-ओन्ली’ अशी खूण करून जोडलीत तर अधिक चांगले, मूळ प्रतिमेला धक्का लागत नाही.

प्रतिमा पूर्ण बसवण्याच्या बाबतीत एक गोष्ट मात्र अनेकांना नडते. जुनी १ टीबीची हार्ड डिस्क काढून ५१२ जीबीचा एसएसडी टाकतात, आणि विंडोजची ही सोय प्रतिमा बसवायला नकार देते. तुमच्या फायली सगळ्या मिळून शंभरच जीबी असल्या तरी नवी डिस्क जुनीपेक्षा लहान आहे एवढे कारण तिला पुरते. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच प्रतिमेची ही सोय पुढे विकसित होणार नसल्याच्या यादीत टाकली आहे. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये असे माझे मत आहे.

विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये आलेली ‘फाइल हिस्टरी’ मला जास्त पसंत आहे, कारण ती फायली जशाच्या तशा ठेवते. डिस्कवरच्या तिच्या फोल्डरमध्ये गेलात तर तुमची फोल्डर्स तशीच दिसतात, फक्त प्रत्येक फाइलच्या नावापुढे कंसात तारीख आणि वेळ असते. ती वेळ यूटीसी असते, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. दुपारी ३ वाजताची प्रत शोधत असाल तर नावात ९.३० दिसेल. हे माहीत नसल्यामुळे ‘माझी दुपारची फाइल नाहीच’ असे म्हणून माणसे शोध सोडून देतात. फाइल किंवा फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मध्ये गेले तरी जुन्या प्रती दिसतात. रिस्टोअरच्या खिडकीतले हिरवे गोल बटण फाइल मूळ जागी उतरवते, म्हणून त्यावर राइट क्लिक करून ‘रिस्टोअर टू’ निवडा.

पण फाइल हिस्टरीचा एक सापळा खास आपल्या सवयींशी जोडलेला आहे. आपल्याकडे कॉम्प्युटर बसवून देणारा माणूस हमखास सांगतो, ‘सीवर काही ठेवू नका, सगळे डीवर ठेवा.’ सल्ला चांगल्या हेतूचा आहे, कारण फॉरमॅट सीला मारला जातो आणि डी वाचते. पण फाइल हिस्टरी आपणहून घेते ते डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओ अशा लायब्ररीतले. डी ड्राइव्हवरचे ‘आईबाबा फोटो’ किंवा ‘सातबारा स्कॅन’ तिच्या हिशेबात नसते. वर्षभर दर तासाला बॅकअप चालू असतो आणि त्यात नेमके महत्त्वाचे काहीच नसते. डीवरच्या अशा प्रत्येक फोल्डरवर राइट क्लिक करून ‘इन्क्लूड इन लायब्ररी’ करा. हा लेख वाचून एवढेच केलेत तरी मला समाधान आहे. आणि डी ड्राइव्ह हाच बॅकअप समजणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की सी आणि डी बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात.

‘माझे सगळे वनड्राइव्हवर आहे’ असे म्हणणाऱ्यांना अजून एक सांगायचे आहे. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह मुख्यतः फायली जुळत्या ठेवतात. तुम्ही लॅपटॉपवरून फोल्डर उडवले की ते तिकडूनही उडते. दोन्हीकडे कचरापेटीत ते ३० दिवस राहते, मग कायमचे जाते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी उडवलेले फोल्डर दिवाळीला आठवले तर उपयोग नाही. वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबी आहे, ती भरली की नव्या फायली वर जाणे थांबते. फायलींवर ढगाचे चिन्ह दिसत असेल तर त्या तुमच्या कॉम्प्युटरवर नाहीतच, फक्त त्यांचे नाव आहे. फाइल हिस्टरीही त्यांची प्रत घेत नाही.

मग उरतात बाहेरची सॉफ्टवेअर. अॅक्रॉनिस, मॅक्रियम, ईझयूएस, एओएमईआय अशी नावे भारतातही पुष्कळ चालतात. यांची प्रत्येकाची फाइल आपापल्या प्रकारची, आणि ती उघडायला तेच सॉफ्टवेअर लागते. काम उत्तम करतात, पण सॉफ्टवेअर बंद पडू शकते. मॅक्रियम रिफ्लेक्टच्या मोफत आवृत्तीचा आधार २०२४ च्या सुरुवातीला संपला. नॉर्टन घोस्ट २०१३ मध्ये बंद झाले. क्रॅशप्लॅनने घरगुती ग्राहकांसाठीची सेवा बंद करत असल्याचे २०१७ मध्ये जाहीर केले आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ती थांबली. विंडोज एक्सपीच्या काळातल्या बीकेएफ फायली व्हिस्टामध्ये नेहमीच्या सोयीने उघडेनाशा झाल्या, त्यासाठी मायक्रोसॉफ्टला वेगळे साधन द्यावे लागले. म्हणून असे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याची इन्स्टॉल करायची फाइल त्याच डिस्कवर, बॅकअपच्या बाहेर, साधी ठेवून द्या.

या सॉफ्टवेअरमध्ये ‘इन्क्रिमेंटल’ बॅकअप असतो. पहिला पूर्ण, मग रोज बदललेले तेवढे. जागा वाचते, पण ही साखळी असते, मधली एक फाइल खराब झाली किंवा जागा हवी म्हणून तुम्ही हाताने उडवली की तिच्यापुढच्या सगळ्या निरुपयोगी होतात. डिस्क भरली तर या फायलींना एक्सप्लोररमधून हात लावू नका, जुने काढायचे काम सॉफ्टवेअरलाच सांगा. आणि दर एक-दोन महिन्यांनी नवा पूर्ण बॅकअप सुरू करा, म्हणजे साखळी लांबत नाही.

पासवर्डचे दुःख वेगळेच. बॅकअपला पासवर्ड लावला आणि विसरलात तर कंपनीसुद्धा तो उघडून देऊ शकत नाही, तीच तर त्या कुलपाची खात्री असते. डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकरचेही तसेच. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की नसेल तर डिस्क समोर असून रिकामी. अनेक नव्या लॅपटॉपवर हे कुलूप मालकाच्या नकळत चालू असते आणि की त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ते खाते दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने उघडून दिले असेल तर की त्याच्याकडे आहे. आजच तपासा. की कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा आणि घरात आणखी एकाला सांगा. कर्ता माणूस अचानक गेल्यावर त्याच्या डिस्कमधले काहीच उघडता न येणे ही वेळ कुठल्याही कुटुंबावर येऊ नये.

फायली सापडूनही उघडत नाहीत, याची कारणे बहुधा साधी असतात. ‘तुम्हाला या फोल्डरची परवानगी नाही’ असे आले तर विंडोज नव्याने टाकल्यामुळे तुमचे खाते त्याच्या दृष्टीने नवे आहे, नाव तेच असले तरी. अॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून ‘कंटिन्यू’ म्हणा, नाही जमले तर फोल्डरच्या ‘सिक्युरिटी’मध्ये जाऊन मालकी आपल्याकडे घ्या. काही फायली कॉपी होताना गाळल्या जात असतील तर मार्ग फार लांब झाला असेल. विंडोजची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे, आणि फोल्डरात फोल्डर करत गेले की ती सहज ओलांडली जाते. सी ड्राइव्हच्या मुळाशीच एका अक्षराच्या नावाचे फोल्डर करून तिथे उतरवा. पेन ड्राइव्हवर लग्नाचा व्हिडिओ उतरत नसेल तर ती फॅट३२ या जुन्या मांडणीची असणार, तिच्यावर ४ जीबीची एक फाइल मावत नाही.

मराठीत टाइप केलेल्या जुन्या मजकुराकडे मी विशेष लक्ष वेधतो. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव यांत टाइप केलेली फाइल व्यवस्थित परत येते, पण नव्या कॉम्प्युटरवर उघडली की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल खराब झाली असे समजून ती फेकू नका. त्या काळचे फॉन्ट युनिकोड नव्हते, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले होते. तो फॉन्ट टाकला की मजकूर जिवंत होतो. पण फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात आणि फायलींच्या बॅकअपमध्ये ते सहसा येत नाहीत. जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवर त्यातले मराठी फॉन्ट कॉपी करून मजकुराशेजारी ठेवा. काही पॅकेजांना डोंगल लागायचे, तेही सांभाळा. शक्य असेल तर प्रत्येक फाइलची पीडीएफ करा आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. स्मरणिका, वंशावळी, वडिलांचे अप्रकाशित लेखन, मंडळाची इतिवृत्ते असे कितीतरी मराठी लेखन आज या अवस्थेत घरोघरी पडून आहे. ते लिहिणाऱ्यांची पिढी आहे तोवर हे काम झाले पाहिजे.

टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी टॅलीचा स्वतःचा बॅकअप टॅलीमधूनच घ्यावा आणि टॅलीमधूनच उतरवावा, तोही वेगळ्या फोल्डरमध्ये. थंडरबर्डची पत्रे आणि ब्राउझरचे बुकमार्क ‘अॅपडेटा’ या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात, ते वेगळे घ्यावे लागते.

वेळेचा अंदाज आधीच घ्या, म्हणजे मध्येच ‘अडकले’ म्हणून केबल ओढली जात नाही. ५०० जीबी जुन्या यूएसबी २ पोर्टवरून उतरायला चार तासांहून जास्त लागतात. निळ्या यूएसबी ३ पोर्टवरून साधारण दीड तास. इंटरनेटवरून ५० एमबीपीएसच्या जोडणीने सुमारे २२ तास, तेही वेग अखंड मिळाला तर. बारीक बारीक हजारो फायली असतील तर याहून जास्त. लॅपटॉप चार्जरला लावा आणि त्याची झोप बंद ठेवा.

आता सगळे ठीक चालले असेल त्यांच्यासाठी. महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा ३-२-१ नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने लोकप्रिय केला. मी त्यात घरासाठी एक भर घालतो. यातली निदान एक प्रत कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय उघडणारी, साधी कॉपी-पेस्ट केलेली असावी. फोटोंना, स्कॅनना, लेखनाला तेवढे पुरते. ती डिस्क काम झाले की काढून ठेवा, कारण फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारे रॅन्समवेअर आले तर जोडलेली डिस्कही त्यात जाते.

३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे त्याच दिवशी आर्थिक वर्ष संपते, हिशेबाच्या फायली समोर असतातच. त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरला तुमची डिस्क जोडा आणि एक जुना फोटो, एक मराठी मजकूर, एक हिशेबाची फाइल बाहेर काढून उघडा. यादीत नाव दिसले म्हणून थांबू नका, फाइल उघडून शेवटच्या पानापर्यंत जा. पूर्ण प्रतिमेवर भिस्त असेल तर रिकव्हरीच्या पेन ड्राइव्हने कॉम्प्युटर चालू होतो का आणि तिथून आतली डिस्क दिसते का, तेही बघा. काही नव्या लॅपटॉपवर इंटेलचा ड्रायव्हर वेगळा दिल्याशिवाय ती दिसत नाही.

आणि कॉम्प्युटर फॉरमॅटला देण्याआधी ‘डेटा घेतला का?’ या प्रश्नाला दुकानात उभ्या उभ्या उत्तर देऊ नका. घरी जा, सी ड्राइव्हवरचे डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स उघडा, फॉन्ट घ्या, बिटलॉकरची की लिहून घ्या, बॅकअपमधल्या चार फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. परवडत असेल तर जुनी डिस्क काढून ठेवायला सांगा आणि विंडोज नव्या एसएसडीवर टाकून घ्या. जुनी डिस्क निदान सहा महिने तशीच, काही न पुसता, नाव-तारखेची चिठ्ठी लावून ठेवा.